ज्ञानाची मोजदाद करणारा संशोधक : डेरेक डी सोला प्राइस



शेतकरी खळ्यावर धान्य मोजतो, दुकानदार दिवसाअखेर गल्ला मोजतो आणि परीक्षेचा निकाल लागला की आपण सारे गुण मोजतो. मोजण्यावाचून जगाचा व्यवहार चालत नाही. पण ज्ञान मोजता येईल काय? जगात नवे ज्ञान किती वेगाने वाढते, ते कोण निर्माण करतो, कोणाचे संशोधन इतरांच्या उपयोगी पडते आणि कोणाचे कपाटात धूळ खात राहते, याचा हिशेब मांडता येईल काय? हा प्रश्न गंभीरपणे विचारून त्याचे उत्तर आकड्यांत शोधणारे जे मोजके विद्वान विसाव्या शतकात होऊन गेले, त्यांत डेरेक जॉन डी सोला प्राइस यांचे नाव अग्रभागी आहे. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या नोंदींवरून विज्ञानाची वाढ तपासणाऱ्या शास्त्राला आज सायंटोमेट्रिक्स म्हणतात. मराठीत त्याला विज्ञानमापन म्हणता येईल. या शास्त्राचे जनक म्हणून प्राइस ओळखले जातात. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांना स्फूर्ती देणारे आहे आणि पालकांना विचार करायला लावणारेही आहे.

प्राइस यांचा जन्म २२ जानेवारी १९२२ रोजी लंडनच्या पूर्वेकडील लेटन या भागात झाला. वडील फिलिप प्राइस हे शिंपीकाम करीत आणि आई गायिका होती. आईच्या माहेरचे डी सोला हे नाव त्यांनी पुढे आपल्या नावात समाविष्ट केले. घरची परिस्थिती साधारण होती. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला जाऊन निवांतपणे शिकावे, अशी सोय नव्हती. म्हणून वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १९३८ साली, त्यांनी वॉल्थमस्टो येथील एका तांत्रिक महाविद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यकाची नोकरी धरली. उपकरणे पुसावीत, जुळणी करावी, बिघडलेले यंत्र खोलून दुरुस्त करावे, असे हे काम. पुष्कळांना ते हलके वाटेल. पण यंत्र हाताळण्याची आणि ते आतून समजून घेण्याची जी सवय प्राइस यांना तेथे लागली, ती पुढे जन्मभर त्यांच्या उपयोगी पडली.

नोकरी सांभाळून त्यांनी लंडन विद्यापीठाच्या परीक्षा बाहेरून दिल्या. १९४२ साली ते भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झाले. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. तशाही काळात अध्यापन आणि संशोधन चालू ठेवून १९४६ साली त्यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. त्यानंतर शिष्यवृत्तीवर ते काही काळ अमेरिकेत राहिले आणि १९४७ साली कोपनहेगन येथे त्यांचा विवाह झाला. इथपर्यंतची हकीकत एखाद्या कष्टाळू तरुणाच्या हकीकतीसारखीच आहे. त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती सिंगापूर येथे.

१९४८ च्या सुमारास प्राइस सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात उपयोजित गणित शिकवू लागले. कॉलेजच्या ग्रंथालयाची इमारत अजून पुरी व्हायची होती. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स या नियतकालिकाचे १६६५ ते १८५० पर्यंतचे खंड कॉलेजकडे आले. हे नियतकालिक जगातील अगदी पहिल्या वैज्ञानिक नियतकालिकांपैकी एक आहे. एवढे मौल्यवान खंड ठेवायचे कोठे? प्राइस यांनी ते सांभाळण्यासाठी आपल्या घरी नेले. दहा-दहा वर्षांचे खंड एकेका चळतीत रचून त्या चळती त्यांनी भिंतीशी ओळीने लावल्या आणि रात्री ते एकेक खंड वाचू लागले.

वाचता वाचता एके दिवशी त्यांचे लक्ष त्या चळतींच्या उंचीकडे गेले. सुरुवातीच्या चळती ठेंगण्या, पुढच्या थोड्या उंच, त्यापुढच्या आणखी उंच आणि शेवटच्या तर झपाट्याने वर चढत गेलेल्या. चळतींच्या माथ्यांवरून नजर फिरवली की एक वक्ररेषा तयार होत होती. ती कोणती हे गणिताच्या शिक्षकाला लगेच ओळखू आले. ठरावीक काळात दुप्पट, पुन्हा तेवढ्याच काळात दुप्पट, अशा वाढीची ती रेषा होती.

विद्यार्थी मित्रांनो, बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्टाव्या घरापर्यंत ठेवीत गेले तर राजाचे सारे कोठार अपुरे पडते. थोर विद्वान अल-बेरूनी यांनी हे गणित शतकांपूर्वी करून ठेवले आहे. प्राइस यांना तीच वाढ विज्ञानाच्या इतिहासात दिसली. ही एका नियतकालिकापुरती गोष्ट आहे की सर्वत्र असेच आहे, हे पाहण्यासाठी त्यांनी इतरही आकडे गोळा केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अठराव्या शतकाच्या मध्याला जगात सुमारे १० वैज्ञानिक नियतकालिके निघाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती संख्या १००, त्या शतकाच्या मध्याला १,००० आणि १९०० च्या सुमारास १०,००० झाली. दर पन्नास वर्षांनी दसपट! याचा अर्थ सुमारे पंधरा वर्षांत दुप्पट. या गणनेत बंद पडलेली नियतकालिकेही धरली गेली होती, हे पुढे इतर अभ्यासकांनी दाखवून दिले आणि वाढीचा वेग सर्व काळात व सर्व विषयांत सारखा नसतो हेही सिद्ध केले. तथापि ज्ञानाच्या वाढीला काही नियम आहे आणि तो मोजून पाहता येतो, हा प्राइस यांचा मूळ विचार टिकून राहिला.

१९५० साली ॲम्स्टरडॅम येथे विज्ञानाच्या इतिहासकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे प्राइस यांनी आपला विचार मांडला आणि पुढच्या वर्षी तो छापूनही आला. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रे आणि त्यांचे ग्रंथ; त्यात आलेख आणि आकडेमोड कशाला, अशी त्या वेळची समजूत होती. दुसरा एखादा माणूस खचला असता. प्राइस यांनी मात्र तो विषय मनाच्या एका कोपऱ्यात ठेवला आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. भौतिकशास्त्राची पीएच.डी. हाताशी असताना त्यांनी केंब्रिजला विज्ञानाच्या इतिहासात दुसरी पीएच.डी. केली!

केंब्रिजमध्ये जुनी वैज्ञानिक उपकरणे हा त्यांचा विषय होता. तेथील पीटरहाउस या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांना चौदाव्या शतकातील एक इंग्रजी हस्तलिखित सापडले. ग्रहांची स्थाने काढण्याच्या उपकरणाचे वर्णन त्यात होते. ते प्रसिद्ध कवी चॉसर यांच्या हातचे असावे, असा तर्क करून प्राइस यांनी १९५५ साली ते प्रसिद्ध केले. हा तर्क पुढे टिकला नाही. ते हस्ताक्षर जॉन वेस्टविक नावाच्या एका ख्रिस्ती मठवासीयाचे असल्याचे नंतरच्या संशोधनाने दाखवले. पण हस्तलिखित उजेडात आणण्याचे श्रेय प्राइस यांचेच राहिले.

त्यानंतर ते अमेरिकेला गेले. प्रथम काही काळ वॉशिंग्टन व प्रिन्स्टन येथे काढून ते येल विद्यापीठात स्थिरावले. तेथे विज्ञानाच्या इतिहासाचे प्राध्यापक म्हणून ते अखेरपर्यंत राहिले.

प्राइस यांच्या नावाशी जोडलेली आणखी एक कथा येथे सांगितलीच पाहिजे. १९०१ साली ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रात बुडालेल्या एका प्राचीन जहाजातून गंजलेल्या धातूचे काही तुकडे वर काढण्यात आले होते. १९५८ साली अथेन्सच्या संग्रहालयात प्राइस यांनी ते तुकडे बारकाईने तपासले. १९५९ च्या लेखात त्यांनी सांगितले की हे सूर्य-चंद्राची गती दाखवणारे दंतचक्रांचे गणकयंत्र आहे. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने आतील चाके मोजून १९७४ साली त्यांनी सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या रचनेतील काही तपशील दुरुस्त केले, पण मुख्य निष्कर्ष खरा ठरला.

मग ग्रीक लोकांची ही विद्या युरोपातील घड्याळांपर्यंत पोचली कशी? मधल्या हजारांहून अधिक वर्षांत ती कोणी सांभाळली? याचा शोध घेताना प्राइस अरबी-फारसी जगाकडे वळले. अल-बेरूनी यांनी दंतचक्रांवर चालणाऱ्या पंचांगयंत्राचे वर्णन लिहून ठेवले होते. इस्फहानच्या मुहंमद बिन अबी बक्र या कारागिराने १२२१-२२ च्या सुमारास तसे यंत्र बसवलेला उस्तुरलाब तयार केला. तो आजही ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. ग्रीक यंत्र आणि युरोपातील घड्याळे यांच्यामधला दुवा म्हणून प्राइस यांनी या दोन्ही गोष्टी पुढे मांडल्या. ज्ञान एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाते आणि वाटेत प्रत्येक जण त्यात आपली भर घालतो, हे त्यांनी असे पुराव्यानिशी दाखवले.

आता पुन्हा मोजणीच्या विषयाकडे येऊ. १९६१ साली त्यांचे सायन्स सिन्स बॅबिलोन आणि १९६३ साली लिटल सायन्स, बिग सायन्स ही पुस्तके प्रसिद्ध झाली. यात त्यांनी तीन-चार गोष्टी सांगितल्या, त्या आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट अशी की, जगाच्या आरंभापासून जेवढे शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांपैकी ऐंशी ते नव्वद टक्के प्राइस लिहीत होते त्या वेळी हयात होते. दुपटीने वाढणाऱ्या संख्येचा हा साधा परिणाम आहे. पण ही वाढ अनंत काळ चालू शकत नाही. तशी ती चालली तर एक दिवस देशात माणसांपेक्षा शास्त्रज्ञ जास्त होतील, अशी थट्टाही त्यांनी केली. रोपटे आधी भराभर वाढते आणि मग त्याची वाढ मंदावते, तसेच विज्ञानाचे होणार, असे त्यांचे भाकीत होते.

दुसरी गोष्ट अशी की, संशोधनाचे काम सर्वांत सारखे वाटलेले नसते. आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ साली एक नियम सांगितला होता. एकच निबंध लिहिणारे १०० लेखक असतील, तर दोन लिहिणारे सुमारे २५ आणि तीन लिहिणारे सुमारे ११ असतात. प्राइस यांनी त्यापुढे जाऊन असा अंदाज मांडला की एखाद्या विषयात १०० लेखक असतील तर निम्मे लेखन त्यांतील दहाजणांच्याच हातून होते. हा अंदाज सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही, असे पुढील तपासणीत आढळले. परंतु थोडे लोक फार लिहितात आणि फार लोक थोडे लिहितात, हे खरेच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे संदर्भांचे जाळे. शोधनिबंध लिहिणारा आपल्या निबंधाच्या शेवटी आधीच्या कोणकोणत्या लेखनाचा आधार घेतला त्याची यादी देतो. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी अशा लक्षावधी नोंदी एकत्र करून सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची काढली. तिच्या आधारे प्राइस यांनी १९६५ साली सायन्स या नियतकालिकात एक निबंध लिहिला. कोणता निबंध कोणत्या निबंधावर उभा आहे, याचा जणू नकाशाच त्यांनी काढून दाखवला. त्यांना असे आढळले की कोणत्याही एका वर्षात सुमारे ३५ टक्के निबंधांचा कोणीच उल्लेख करीत नाही आणि आणखी ४९ टक्क्यांचा फक्त एकदा होतो. म्हणजे वारंवार आधार घेतला जावा असे निबंध शंभरात जेमतेम सोळा!

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या निबंधाचा उल्लेख पूर्वी झालेला असतो, त्याचाच पुढे पुन्हा उल्लेख होण्याचा संभव अधिक असतो. एक यश दुसऱ्या यशाला बोलावून आणते. १९७६ साली प्राइस यांनी याचे गणित मांडले आणि त्याला संचित लाभ अशा अर्थाचे नाव दिले. १९९९ साली इतर शास्त्रज्ञांना जाळ्यांचा अभ्यास करताना हेच तत्त्व पुन्हा सापडले. पण या गणितातील एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. प्राइस यांच्या मांडणीत यशामुळे पुढील यशाची शक्यता वाढते, परंतु अपयशामुळे ती कमी होत नाही. निबंधाचा उल्लेख न होणे ही घटनाच नव्हे. ती नुसती घटनेची अनुपस्थिती होय. आज कोणी दखल घेतली नाही, म्हणून उद्याचे दार बंद होत नाही. खुद्द प्राइस यांचा १९५१ चा निबंध याचे उदाहरण आहे. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आज या शास्त्राचा आरंभ म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

पुढे या शास्त्राला मान्यता मिळाली. १९७८ साली हंगेरीतून सायंटोमेट्रिक्स हे नियतकालिक निघाले. त्याच्या संस्थापक संपादकांत प्राइस होते. १९७६ साली त्यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासासाठी लिओनार्दो दा विंची पदक मिळाले आणि १९८१ साली पहिले बर्नाल पारितोषिकही त्यांनाच देण्यात आले. ३ सप्टेंबर १९८३ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६१ वर्षांचे होते. त्यांच्या नावाने सुरू झालेले पदक १९८४ साली प्रथम युजीन गारफिल्ड यांना देण्यात आले.

वाचकहो, प्राइस गेले, पण त्यांनी सुरू केलेली मोजणी आज फार पुढे गेली आहे. त्यांनी मोजले ते विज्ञानाचे स्वरूप कळावे म्हणून. पुढे तोच आकडा माणसाची किंमत ठरवण्यासाठी वापरला जाऊ लागला. आपल्या देशात २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी गुणांक पद्धत आणली. तीत छापून आलेल्या निबंधांना गुण होते. निबंध वाढले हे खरे, पण पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही वाढली. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ साली चांगल्या नियतकालिकांची नवी यादी करण्याचे ठरवले आणि छाननीचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे सोपवले. २०२५ साली ती यादीही बंद करण्यात आली. परदेशांतही हाच अनुभव आला. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या नियतकालिकांच्या संपादकांनी व प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची योग्यता ठरवू नका, त्याचे काम वाचून पाहा, असे त्याचे सार आहे.

मापाचा दोष काय? माप निर्जीव असते. तराजू धान्याचे वजन सांगतो, त्याची चव सांगत नाही. प्राइस यांचे आकडे समुदायाविषयी बोलतात. हजारो निबंधांचा प्रवाह कोणत्या दिशेला चालला आहे, हे ते चांगले सांगतात. एखाद्या माणसाच्या अंगी काय आहे, हे त्यांवरून ठरवू गेल्यास घोटाळा होतो. शाळेतील गुणपत्रिकेचे तरी दुसरे काय आहे? शंभर मुलांच्या वर्गाला गणित कितपत समजले, हे गुण सांगतात आणि शिक्षकाला त्याचा उपयोग होतो. पण एका मुलाचे भवितव्य त्या एका कागदावर लिहिलेले नसते. पालकांनी गुणपत्रिका जरूर पाहावी. त्याबरोबर मुलाची वहीही उघडून पाहावी. तो काय वाचतो, कोणते प्रश्न विचारतो, बिघडलेली वस्तू खोलून पाहण्याची हौस त्याला आहे काय, हेही पाहावे. त्या हौसेला गुणपत्रिकेत रकाना नसतो.

संचित लाभाचा नियम आपल्यासारख्या समाजाने विशेष लक्षात घ्यावा. ज्याच्या घरात आधीच पदवीधर आहेत, त्याला पुस्तके, सल्ला आणि ओळखी आपोआप मिळतात. ज्याच्या घरातील तोच पहिला शिकणारा आहे, त्याला पहिले पाऊलच सर्वांत जड जाते. म्हणून पहिला टेकू द्यावा लागतो. एक शिष्यवृत्ती, संध्याकाळी अभ्यासाला बसता येईल अशी एक खोली, मुलीला दहावीनंतर पुढे शिकू देण्याचा आईवडिलांचा एक निर्णय, एवढ्यानेही पहिले यश पदरात पडते आणि मग ते पुढच्या यशाला हाक मारते. शिक्षणसंस्थेचे खरे काम हे पहिले यश मिळवून देण्याचे आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, प्राइस यांच्याजवळ सुरुवातीला काय होते? शिंप्याचे घर, प्रयोगशाळेतील साधी नोकरी आणि पुढे सिंगापूरमध्ये एक अपुरे ग्रंथालय. ग्रंथालय पुरे झालेले नाही म्हणून त्यांनी तक्रार केली असती, तर ते खंड पेट्यांतच राहिले असते. त्यांनी ते घरी नेले, नीट रचले, रोज वाचले आणि डोळे उघडे ठेवले. आपल्या शाळेच्या कपाटातही पुस्तके आहेत. ती किती आहेत हे मोजायला फार वेळ लागणार नाही. त्यांतील एक तरी बाहेर काढून शेवटच्या पानापर्यंत वाचा. प्राइस यांचा शोध अशाच वाचनातून लागला होता.